दीड मीटरवरचा चापडा

प्रसंग असा. आंबोली, जुलैचा मध्य, रात्रीचे साडेनऊ. दिवसभर कोसळलेला पाऊस आता झिमझिमीवर आला आहे आणि धुके उतरले आहे. गावाबाहेरच्या पायवाटेलगत एक ओहोळ आहे. त्यावर वाकलेल्या झुडपाच्या फांदीवर, जमिनीपासून साधारण ९० सेंमी उंचीवर, मलबारी चापडा हा विषारी साप बसला आहे. लांबी अंदाजे ६० सेंमी, फांदीवरच्या वेटोळ्यांची रुंदी २० सेंमीच्या आसपास. डोके खाली ओहोळाकडे, पाठ वाटेकडे. फोटो काढायला आलेले चौघे आणि गावातला एक वाटाड्या. दोघांकडे १०० मिमी मॅक्रो लेन्स (लहान गोष्टी अगदी जवळून टिपणारी), एकाकडे १००-४०० मिमी झूम, चौथ्याकडे फक्त मोबाइल.

ही कोणा एका गटाची हकीकत नाही. आंबोली, चोर्ला, तिलारी या पट्ट्यात पावसाळ्यात वारंवार घडणारा प्रसंग इथे एकत्र बांधला आहे आणि त्यात कुठे काय बिघडते ते क्रमाने पाहिले आहे. चापडाच निवडण्याचे कारण असे की तो हलत नाही. नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते, फुरसे अंगावर अंग घासून करकर आवाज करते. माणूस आपोआप मागे सरतो. चापडा यातले सहसा काहीच करत नाही. त्यामुळे पाच मिनिटांत सगळ्यांना तो 'शांत' वाटू लागतो आणि प्रत्येक फोटोगणिक अंतर चार बोटे कमी होत जाते.

तो तिथे का बसला आहे

मलबारी चापडा दबा धरून शिकार करतो. ओहोळाकाठी बेडूक येणार, पाली येणार, एखादा उंदीर जाणार. त्या वाटेवर डोके रोखून तो तासन्तास बसतो. एकच जागा तो कित्येक दिवसही धरून ठेवतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारी खाच असते. तिच्यामुळे आसपासच्या थंड पानांतून एखादा उबदार जीव त्याला अंधारातही वेगळा कळतो. तापमानातला अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका फरक या खाचेला जाणवतो. वीसेक अंशांच्या हवेत माणसाचा हात म्हणजे समोर आलेला मोठा ऊबदार गोळा. कॅमेऱ्यामागे शांत उभ्या माणसापेक्षा 'थांब, ते पान जरा बाजूला करतो' म्हणून पुढे आलेला हात अधिक चावे का खातो, त्याचे अर्धे उत्तर इथे आहे.

दबा धरलेला साप आणि चिडलेला साप यांतला फरक ओळखता आला पाहिजे. दोन्ही वेळा मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असू शकते, म्हणून फक्त मानेकडे पाहून चालत नाही. डोके ओहोळाकडेच आहे, माणसे हलली तरी ते वळत नाही, जीभ क्वचित बाहेर येते: हा दबा. डोके उचलले गेले, माणसाच्या हालचालीबरोबर फिरू लागले, शेपटीचे टोक थरथरू लागले, तोंड उघडले: आता तो तुमच्याशी बोलतो आहे. पहिले लक्षण दिसताच सगळ्यांनी एक-एक पाऊल मागे घ्यायचे आणि दिवे खाली करायचे. पाच मिनिटांत डोके पुन्हा खाली गेले नाही, तर त्या सापाचे त्या रात्रीचे फोटो संपले.

कॅमेरा बाहेर काढण्याआधी

गटाची पहिली चूक सहसा ओळखीतच होते. धुक्यात, हेडलॅम्पच्या पिवळट उजेडात, झुडपातला हिरवा साप पाहून कोणीतरी 'हरणटोळ आहे' म्हणून मोकळा होतो. हरणटोळ सडपातळ असतो, डोके लांबट, नाक टोकदार, बाहुली आडवी. चापड्याचे डोके तिकोनी आणि मानेपासून ठळक वेगळे, बाहुली उभी, डोक्यावर मोठ्या खवल्यांऐवजी बारीक खवले. हे पाहायला जवळ जावे लागत नाही. झूमवाल्याने दोन मीटरवरून एक फोटो घ्यावा आणि स्क्रीनवर मोठा करून सर्वांना दाखवावा. रंगावर तर मुळीच विसंबू नये. मलबारी चापडा हिरवा असतो तसाच तपकिरी, पिवळा, नारिंगी छटेचाही असतो. शेवाळलेल्या फांदीवर तपकिरी चापडा म्हणजे फांदीचीच गाठ.

म्हणूनच दुसरे काम: पहिल्या सापाकडे पाठ करून दुसरा शोधणे. ज्या ओहोळावर एक चापडा बसतो, ती जागा दुसऱ्यालाही सोयीची असते. वाटाड्याने किंवा मोबाइलवाल्याने टॉर्च घेऊन तीन मीटरच्या परिघात सावकाश फिरावे: कंबरेच्या उंचीची झुडपे, डोक्यावरच्या फांद्या, पायांखालचा पालापाचोळा, दगडांच्या कपारी. सड्याच्या, म्हणजे सपाट कातळाच्या, बाजूला असाल तर तिथे फुरसे असणारच असे समजून चालायचे. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर ते मुबलक आहे. उभे राहायच्या जागा आणि मागे सरकायची वाट याच वेळी ठरवावी. गुडघे टेकून फोटो घेणार असाल, तर गुडघा टेकणार ती जागा आधी हातभर काठीने चाचपून घ्यायची.

प्रत्यक्षात सापापेक्षा मोठा धोका चिखलाचा. शेवाळलेला दगड, उतार, हातात दोन किलोचा कॅमेरा. पाय सरकला की मोकळा हात आपोआप जवळच्या फांदीला जातो, आणि ती फांदी चापड्याच्या बैठकीच्या उंचीवर असते. यावर उपाय साधा आहे: सापाकडे घसरत नेणाऱ्या उतारावर उभेच राहायचे नाही. सपाट जागा फक्त बाजूला मिळत असेल, तर बाजूचा फोटो घ्यायचा. गुडघ्यापर्यंतचे गमबूट पायांना पुरेसे असतात. हातमोजे चाव्यापासून वाचवतात असा समज आहे. साध्या कापडी किंवा चामडी हातमोज्यांवर तेवढा भरवसा टाकू नये. उलट ते घातल्यावर हात धीट होतो.

राखीव वनात रात्री शिरायचे तर वनविभागाची परवानगी हवी. बहुतेक गट रस्त्याकडेला किंवा मालकीच्या जागेत फिरतात. तिथे धोका वाहनांचा. धुक्यात घाटरस्त्यावर ट्रायपॉड उभा करणाऱ्याला चापड्याच्या विषाची काळजी करायचे कारण उरत नाही.

अंतराचे गणित

चापडा ज्या वायपर कुळातला, त्या कुळातले साप सहसा आपल्या लांबीच्या तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतात. फांदीवरून खालच्या बाजूला झेप अधिक लांब पडू शकते, आणि अंधारात लांबीचा अंदाज नेहमी कमीच येतो. सहसा चापडा अर्धा-पाऊण मीटर असला तरी मीटरभर लांबीचे मलबारी चापडेही असतात. म्हणून ठरीव नियम दीड मीटरचा. लेन्सचे टोक, हात, फ्लॅश धरणारा, सगळ्यांनाच.

इथे मॅक्रोवाले कुरकुरतात. पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावर (प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ मिमी रुंद) १०० मिमी लेन्सने २० सेंमी रुंदीची वेटोळी फ्रेमभर घ्यायची, तर अंतर सुमारे ६५ सेंमी येते. ३०० मिमीला हेच अंतर दोन मीटरच्या जवळ जाते. सेन्सर छोटा असेल (साधारण २३.५ मिमी रुंद), तर १०० मिमीला सुमारे ९५ सेंमी, ३०० मिमीला २.८ मीटर. फक्त डोके फ्रेमभर हवे म्हणाल, तर १०० मिमीच्या लेन्सचे तोंड सापापासून वीतभर अंतरावर येईल. तो फोटो जंगली सापाचा घ्यायचा नसतो, एवढे म्हणून पुढे जाऊ.

आता दीड मीटर धरून हिशेब करा. पूर्ण फ्रेम, १०० मिमी: समोरची सुमारे ५० सेंमी रुंदी फ्रेममध्ये येते. २० सेंमीची वेटोळी त्यातली चाळीस टक्के रुंदी घेतात. २४ मेगापिक्सेलच्या फाइलची रुंदी ६,००० पिक्सेल. म्हणजे सापावर जवळपास २,४०० पिक्सेल पडतात. मोबाइलच्या स्क्रीनला, समाजमाध्यमांना, मासिकातल्या अर्ध्या पानाला ते पुरतात. शिवाय दूर राहण्यात एक फायदा दडलेला आहे, तो फारसा कोणी मोजत नाही. एफ/८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा, तितके छिद्र लहान आणि प्रकाश कमी) ६५ सेंमीवरून स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम १७-१८ मिमी मिळते. डोळ्यावर फोकस केला की वेटोळ्यांचा मागचा भाग विरघळतो. दीड मीटरवरून घेऊन नंतर तेवढाच भाग कापून घेतला, तर तितक्याच काटेकोर निकषाने ४० मिमी खोली मिळते. जवळ जाऊन एफ/१६ करायचे आणि मग फ्लॅश वाढवायचा, यापेक्षा मागे उभे राहून एफ/८ वर घेणे प्रकाशालाही सोपे आणि सापालाही.

झूमवाला इथे सर्वांत सुखात असतो. जुन्या १००-४०० लेन्स दीड-दोन मीटरच्या आत फोकसच करत नाहीत, नव्यांपैकी काही एक मीटरच्या आसपास करतात. दोन्हींनी काम भागते. मोबाइलवाल्याची मात्र पंचाईत. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद असल्याने साप ठिपक्याएवढा दिसतो आणि माणूस हात लांब करत नेतो. डोळे स्क्रीनवर, हात सापाकडे, आणि अंतराचे भान पूर्ण गेलेले. नियम असा ठेवावा की मोबाइल छातीपासून पुढे जाणार नाही. जमेल तर टेलिफोटो लेन्स वापरायची, नाहीतर साप, फांदी, ओहोळ आणि धुके असा मोकळा फोटो घ्यायचा. हा फोटो पुष्कळदा चौघांतला सर्वांत चांगला निघतो, कारण साप कुठे राहतो ते त्यात दिसते.

प्रकाश आणि पाणी

कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश या हवेत हमखास फसतो. लेन्स आणि साप यांच्यामध्ये तरंगणारे पावसाचे थेंब आणि धुके समोरून उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. ओले खवलेही आरशासारखे चमकतात. फ्लॅश बाजूला, साधारण ४५ अंशांवर न्यावा लागतो. ट्रिगर वायरलेस, फ्लॅशपुढे वीसेक सेंमीचा डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश मऊ करणारा पडदा.

आता फ्लॅश कोण धरणार? चुकीचा माणूस चुकीच्या ठिकाणी उभा राहतो तो इथेच. फोटो काढणारा दीड मीटरवर आणि मदतनीस हात लांब करून अर्ध्या मीटरवर, असे दृश्य सर्रास दिसते. फ्लॅश मोनोपॉडच्या (कॅमेऱ्याच्या एकपायी दांड्याच्या) टोकाला बांधावा. फ्लॅश सापापासून ७० सेंमीवर, धरणारा त्याच्या मीटरभर मागे. जागेवर आणताना तो बाजूने, सावकाश आणायचा, सापाच्या डोक्यावरून कधीही नाही. वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षी. एकदा लावला की हलवायचा नाही.

सुरुवातीचे आकडे: आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४००, एफ/८, शटर १/२०० सेकंद. मध्यम ताकदीचा फ्लॅश डिफ्यूझरसह ७० सेंमीवर असेल, तर १/३२ ते १/६४ शक्ती पुरते. कॅमेऱ्याइतक्याच अंतरावर ठेवला तर १/८ पर्यंत जावे लागते आणि प्रकाशही कडक पडतो. पहिला चाचणी फोटो सापावर घ्यायचा नाही. तेवढ्याच अंतरावरचे दुसरे ओले पान निवडा, सगळे आकडे त्यावर जुळवा, मग सापाकडे वळा. पार्श्वभूमी काळीकुट्ट येत असेल, तर आयएसओ ८०० करून शटर १/३० पर्यंत उतरवा आणि मागच्या पानांवर एखादा मंद टॉर्च ठेवा.

फोकससाठी लागणारा टॉर्च सापाच्या डोळ्यांवर रोखू नये. उजेडाचा मधला झोत फांदीवर टाकावा, कडेचा फिका उजेड डोक्यावर पडू द्यावा. कॅमेऱ्याला तेवढा पुरतो. चौघांचे चार हेडलॅम्प एकाच वेळी पेटवायची गरज नसते. फ्लॅशने सापाला नेमके काय होते यावर वाद घालण्यापेक्षा मर्यादा घालणे बरे: सबंध गटाचे मिळून पंचवीस-तीस फोटो, पंधरा मिनिटे, मग दिवे बंद. दहा सारखे फोटो काढून अकरावा वेगळा निघत नाही. साप हललेलाच नसतो.

गाडीतल्या एसीतून काढलेला कॅमेरा आंबोलीच्या हवेत दहा सेकंदांत घामेजतो, आणि ती वाफ पुसत बसण्यात लोक सापाशेजारी ताटकळतात. मुक्कामावरून निघतानाच एसी बंद ठेवावा, कॅमेरा पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेला सरावू द्यावा. लेन्स पुसायचे कापड आतल्या खिशात, दोन तरी. परतल्यावर बॅटरी काढून सगळे सिलिका जेलच्या डब्यात.

'जरा काठीने वळव ना'

साप पाठमोरा आहे. पंधरा मिनिटे होत आली, डोळा कोणालाच मिळालेला नाही. याच वेळी कोणीतरी हे वाक्य उच्चारतो, आणि बहुतेक वेळा ते वाटाड्याला उद्देशून असते. त्याला पैसे मिळालेले असतात, पाहुणे नाराज होऊ नयेत असे त्याला वाटते. तो काठी उचलतो. दुसरा सुचवतो, समोर एखादा बेडूक ठेवू. तिसऱ्याला डोक्यावर आलेले पान खुडायचे असते.

काठीने काय होते? दब्यातला साप बचावाच्या पवित्र्यात जातो. डोके वळते खरे, पण ते आता काठीच्या दिशेने, म्हणजे माणसाच्या दिशेने रोखलेले असते. फोटोत तो 'आक्रमक' दिसतो आणि तीच खोटी प्रतिमा पुढे फिरते. थोड्याच वेळात तो जागा सोडून निघतो. ज्या फांदीवर भक्ष्याची वाट पाहण्यात त्याने दिवस घातले ती गेली. अशा सापाला एक भक्ष्य बराच काळ पुरते, आणि म्हणूनच एक हुकलेले भक्ष्य त्याला महागात पडते. बेडूक ठेवायचा तर तो हाताने पकडावा लागतो, आणि डास पळवायचे मलम लावलेला हात बेडकाच्या ओल्या, पातळ कातडीला घातक असतो. पान खुडले तर दिवसा त्याच्यावरची सावली आणि आडोसा दोन्ही गेले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली शिकारीची व्याख्याही फक्त मारण्यापुरती नाही. पकडणे, हुसकणे, आमिष दाखवणे हेही तिच्यात येते.

यावर सूचना एकच: साप वळवू नका, तुम्ही वळा. या प्रसंगात ओहोळ जेमतेम दोन मीटर रुंद आणि पोटरीभर खोल आहे. वाटाड्याने खाली दहा-पंधरा मीटरवर सुरक्षित ठिकाणी तो ओलांडून समोरचा काठ तपासला, तर सापाचे डोके समोरून, दोन मीटरवरून, झूमच्या टप्प्यात येते. काठ धोक्याचा असेल तर पाठमोरा फोटो स्वीकारायचा. दुसरा मार्ग अगदी साधा: उद्या संध्याकाळी परत या. चापडा बहुधा तिथेच असेल, डोके दुसरीकडे.

वाटाड्याशी हे बोलणे निघण्यापूर्वीच व्हायला हवे, आणि गटातल्या वयाने मोठ्या माणसाने करावे: 'दादा, आज सापाला हात नाही, काठी नाही. फोटो नाही मिळाले तरी तुमचे पैसे तेवढेच.' हे आधी कानावर पडले की काठी खालीच राहते.

चावा झाला तर

पहिली गोष्ट सगळ्यांनी मागे होणे. सापाचा पाठलाग नको, मारणे नको, पकडून दवाखान्यात नेणे नको. फोटो आधीच आहे. चावलेल्या हातातली अंगठी, घड्याळ, बांगडी लगेच काढावी. सूज आली की या वस्तू कापून काढाव्या लागतात. हात फळीला किंवा मोनोपॉडला सैल बांधून स्थिर करावा. आवळपट्टी, चिरा, तोंडाने विष ओढणे, बर्फ हे सगळे वर्ज्य. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नये. रक्त गोठण्यात त्यांची ढवळाढवळ होते. रुग्णाला चालवू नये. १०८ ला फोन लावावा आणि जवळ गाडी असेल तर वाट पाहत न बसता निघावे. आंबोलीहून सावंतवाडी तीसेक किलोमीटर, वाटेत घाट. गंभीर रुग्ण तिथून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागतात. मोबाइलला रेंज कुठून मिळते हे दिवसा पाहून ठेवलेले असावे.

यात एक पेच आहे, तो फोटोग्राफरने समजून घेतला पाहिजे. भारतात मिळणारे सर्पविषरोधक चार सापांच्या विषावर बनते: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. चापडा त्यात नाही. मलबारी चापड्याच्या चाव्याने तीव्र वेदना आणि सूज येते, कधी रक्त गोठण्यात बिघाड होतो. मृत्यू विरळा, उपचार लक्षणांनुसार. म्हणून 'चापडाच होता' असे सांगितल्यावर डॉक्टर विषरोधक न देता निरीक्षण करणे पसंत करू शकतात. पण अंधारात, घसरताना झालेला चावा ज्याचा फोटो चालू होता त्याच सापाचा होता, याची खात्री आहे का? पायाशी फुरसे असेल तर तेच विषरोधक जीव वाचवते. चावणारा साप डोळ्यांनी पाहिला असेल तरच नाव घ्यावे. नाहीतर 'चापड्याजवळ उभे होतो, चावले कोणी ते दिसले नाही' असेच सांगावे. निर्णय डॉक्टर लक्षणांवर आणि रक्ताच्या चाचणीवर घेतील: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली ताजे रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून ते गोठले का पाहायचे. पहिली चाचणी ठीक आली तरी ती पुन्हा पुन्हा करतात आणि रुग्णाला किमान २४ तास ठेवून घेतात. 'आता बरे वाटते' म्हणून मध्यरात्री मुक्कामावर परतणारा रुग्ण अवघड रुग्ण.

फोटो घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो गटात फिरतात, सोबत जागेचा ठिपका. चापडा आठवडाभर तिथेच बसणार असल्याने दुसऱ्या संध्याकाळी तीन गाड्या उभ्या राहतात आणि काठीवाला एकजण तरी निघतोच. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद ठेवावी, फाइल देताना ती पुसावी. फोटोखाली 'आंबोली, जुलै' इतके पुष्कळ झाले. आय-नॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायची तर स्थान धूसर ठेवायची सोय आहे. पक्ष्यांच्या बाबतीत हेच आणखी जपावे लागते. कोकणात तिबोटी खंड्या पावसाळ्यात मातीच्या दरडीत बीळ करून घरटे घालतो. चोचीत पाल किंवा खेकडा धरून तो फांदीवर ताटकळत बसला आणि बिळात जाईना, तर समोरचा कॅमेरा फार जवळ आहे. पक्षी निदान एवढे तरी दाखवतो. चापडा तेही दाखवत नाही.

निघताना गमबुटांचा चिखल त्याच ओहोळाच्या काठावर खरवडून काढावा आणि दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट धुऊन पूर्ण वाळवावेत. बेडकांच्या कातडीला लागणारी बुरशी ओल्या चिखलातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते. परतीच्या रस्त्यावर गाडी वीसच्या वेगाने. पावसाळी रात्री बेडूक डांबरावर येतात आणि त्यांच्यामागून साप.